आसारामभाऊंची चिठ्ठी

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा आणि आपल्या महिला दूध संस्थेच्या चेअरमन सत्यभामाताई, पाटोद्याहून एवढ्या थंडीत, दिवस उगवायच्या आत निघून आलेले प्रमुख पाहुणे अर्जुनराव, व्यासपीठावरील मान्यवर, ज्यांच्यासाठी आपण जमलो ते आपले आसारामभाऊ, तीनदा बोलावूनही व्यासपीठावर न येता पहिल्या रांगेतच बसलेल्या त्यांच्या पत्नी रतनबाई, संस्थेच्या सभासद भगिनी, शिरूरचे आणि वस्त्यावस्त्यांवरचे श्रोते, आणि जे इथे येऊ शकले नाहीत, पण या घटकेला गोठ्यात, चुलीपुढे, दुकानाचं शटर वर करता करता नव्वद पॉइंट आठवर हे ऐकत आहेत, त्या सर्वांना माझा नमस्कार.

माझ्यासमोर दोन माईक आहेत. एक या मंगल कार्यालयाचा, तो मधूनच शिट्टी मारतो. दुसरा आपल्या रेडिओचा, त्यावर लाल दिवा लागलेला आहे. म्हणजे मी जे बोलेन ते परत घेता येणार नाही. आठ वर्षं या लाल दिव्यासमोर बसले, पण आज जशी भीती वाटते तशी पहिल्या दिवशीही वाटली नव्हती.

माझं भाषण लांबतं, हे तुम्ही जाणता. स्टुडिओत आसारामभाऊ मला खुणेने थांबवायचे. चमचा घेऊन चहाच्या काचेच्या ग्लासावर एकदा टिंग केलं की एक मिनिट उरलं. दोनदा केलं की मॅडम, आता गाणं लावा. श्रोत्यांना वाटायचं, चहा ढवळतायत. आज त्यांच्या हातात चमचा नाही, पाटी आहे. तेव्हा अध्यक्षांनीच मला आवरावं.

नवीन मंडळींसाठी थोडं मागचं सांगते. दोन हजार अकरा साली आपल्या दूध संस्थेने संकलन केंद्राच्या माडीवर हा छोटा रेडिओ सुरू केला. टॉवर गच्चीवर, स्टुडिओ खताच्या जुन्या खोलीत, भिंतींना आवाज अडवायला गोधड्या. सकाळी साडेसहा ते साडेआठ ‘न्याहारी’ हा कार्यक्रम. माझे यजमान जनावरांचे डॉक्टर होते. ते गेल्यावर मी घरात बसून राहू नये म्हणून सत्यभामाताईंनी मला तिथे नेऊन बसवलं. मी औरंगाबादला छावणीतल्या कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली. उच्चार स्वच्छ, वाक्यं धुतलेली. पहिला महिनाभर मी इतकं सुंदर बोलले की कुणीही ऐकलं नाही.

मग एका सकाळी साडेसात वाजता जिन्यावर काठीचा आवाज आला. खांद्यावर घोंगडी, डोक्याला लाल फेटा, दारात एक मेंढपाळ उभा.

‘‘रेडिओ हितंच हाय का?’’

म्हटलं, हो.

‘‘माझं कोकरू हरवलं. काळ्या कानाचं. सांगा बरं जरा.’’

गाणं संपत आलं होतं. मी म्हटलं, तुम्हीच सांगा ना, या, इथे बसा. ते बसले. लाल दिवा लागला. आणि आसारामभाऊंनी, समोरच्या डोंगरावर हाक पोचवायची असते तशी, पोटातून हाक घातली. मशीनचा काटा लाल पट्टीत जाऊन अडकला, दिवा विझला, खाली दूध घालायला आलेल्या बायका कॅन टाकून वर धावल्या. मी म्हटलं, अहो, हळू बोला, लोकांना ऐकू येतं! तर ते माझ्याकडे बघून म्हणाले, ‘‘लोकांला कशाला? कोकराला बोलावतोय. हळू बोललं तर येतं का ते?’’

कोकरू दुपारी सापडलं. आणि दुसऱ्या दिवशी फोन सुरू झाले. एकच प्रश्न: काल ओरडला तो माणूस परत कधी येणार?

तो माणूस आठ वर्षं येत राहिला. मेंढरं भावाच्या ताब्यात दिली. दर दिवाळीनंतर कळपामागे गोदावरीच्या काठाला जायचे, ते जाणं सोडलं. मेंढपाळाने चालणं सोडणं म्हणजे काय, हे मला त्या वेळी कळलं नाही. मला वाटलं, बरं झालं, वेळेवर येतील.

पाहुणे आमच्याकडे कसकसले आले! एसटीचे कंडक्टर आले, बांगड्या भरणाऱ्या मावशी आल्या, नवी नवरी आली आणि नवऱ्याचं नाव घ्यायला लाजून अर्धं मिनिट गप्प बसली. ते अर्धं मिनिट आसारामभाऊंनी एकट्याने भरलं. ‘‘घे बाई, घे, सारा तालुका भाकर हातात धरून थांबलाय.’’ धुळाजींनी गजी ढोल आणला, तर गोधड्यांच्या खोलीत ढोल मावेना. मग ढोल जिन्यात, धुळाजी पायरीवर आणि माईकची वायर दारातून बाहेर. आणि रोज साडेसहाला ती हाक: ‘‘उठा बे! सूर्य तुमच्या बापाचा नोकर हाय का? म्हाळू, उठला का? न्हाई उठला. मला दिसतंय.’’ आज मागच्या रांगेत म्हाळू बसले आहेत. खाली बघून हसू नका, म्हाळू. तुमचं नाव रेडिओवर ऐकायला तुम्ही मुद्दाम उशिरा उठत होतात, हे तुमच्या घरच्यांनीच मला सांगितलंय.

दोन हजार एकोणीसचा उन्हाळा तुम्हाला मी काय सांगावा? सिंदफणा नदीच्या कोरड्या पात्रात पोरं क्रिकेट खेळत होती. चारा छावण्या होत्या, पण सगळी जनावरं छावणीत नेता येत नव्हती. एखादी म्हातारी, तिची एक गाय, पोरं ऊसतोडीला गेलेली. ती कुठे जाणार? संस्थेच्या बैठकीत ठरलं की रेडिओवरून चारा मागायचा. एका घराने एक पेंढी कडबा. दूध गोळा करणारा आपला सुग्रीवचा टेम्पो रिकामे कॅन द्यायला वस्त्यांवर जातोच, तोच पेंढ्याही उचलेल आणि पोचवेलही.

पण पेंढ्या येऊनही घ्यायला कुणी तयार होईना. सुग्रीव भरला टेम्पो घेऊन दारात उभा राहायचा आणि माणसं म्हणायची, आमचं भागतंय, दुसऱ्याला द्या. मागे गोठ्यात जनावराच्या बरगड्या मोजता याव्यात, आणि पुढे मालक म्हणतोय भागतंय. मी हताश झाले. आसारामभाऊ म्हणाले, ‘‘मॅडम, माणसाचं नाव घेऊ नका. माणूस लाजतो. जनावर लाजत न्हाई.’’

दुसऱ्या सकाळी ते माईकवर म्हणाले, ‘‘कपिलीकडून चांदीला एक पेंढी. ढवळ्याकडून मोरीला दोन.’’ बस. कुणाची कपिली, कुणाची चांदी, ते फक्त सुग्रीवला ठाऊक. तालुक्यात कपिल्या पन्नास. देणारा वर झाला नाही, घेणारा खाली झाला नाही. एका आठवड्यात टेम्पोला जागा पुरेना.

त्या काळात साखराबाई जिना चढून वर आल्या होत्या. कंबरेवर हात, आवाज चढलेला. ‘‘माझ्या चांदीला रोजचं घ्यायच्याच यादीत कावून टाकता? तिला द्यायला येत न्हाई का?’’ आणि त्यांनी पदरातून बांधावरची खरडून आणलेली हरळी टेबलावर ठेवली. ओंजळभर होती. आसारामभाऊंनी ती हातात घेतली, लाल दिवा लावला आणि म्हणाले, ‘‘चांदीकडून कपिलीला ओंजळभर हरळी. कपिले, नीट चावून खाय.’’ साखराबाई ताठ मानेने जिना उतरून गेल्या.

आसारामभाऊंचा आवाज पुढे मोबाइलवर फिरत फिरत माजलगावच्या कॅनॉलवर पोचला. ते बोलले होते, ‘‘कॅनॉलवाले पाव्हणे हो, तुमचा ऊस आमच्याच माणसांनी तोडला. ऊस तुमचा. शेंडा तेवढा आमचा म्हणा.’’ चौथ्या दिवशी उसाच्या वाढ्याच्या तीन ट्रॉल्या संस्थेच्या दारात उभ्या.

मंडळी, इथपर्यंतचं सगळं तुम्हाला माहीत होतं. याच्या पुढचं माहीत नाही.

या समारंभाचं मानपत्र लिहायचं काम माझ्याकडे आलं. कॉन्व्हेंटची असले तरी मराठी बरी लिहिते, असा माझा लौकिक आहे. गेल्या रविवारी लिहायला बसले. तिसऱ्या परिच्छेदात लिहून गेले: ‘चारा मोहिमेसाठी आसारामभाऊंनी आपल्या आवाजाचीही पर्वा केली नाही.’ वाक्य चांगलं उतरलं होतं. पण पुढचं लिहिता येईना. कारण ते वाक्य खोटं आहे. त्यांना पर्वा करायची संधीच मिळाली नाही. ती मी मिळू दिली नाही.

एप्रिलपासून त्यांचा आवाज बसत चालला होता. खडीसाखर झाली, हळद-दूध झालं, ओवा झाला. तुम्हीच किती जण जिन्यावर मध ठेवून गेलात. आणि एक गोष्ट मी पाहिली. आवाज जितका फाटत गेला, तितक्या पेंढ्या वाढत गेल्या. लोक म्हणायचे, बघा, जनावरांसाठी ओरडून ओरडून माणसाचा घसा गेला. हे मला कळलं, आणि मी त्याचा उपयोग केला. हो. मी स्वतः माईकवर म्हणाले आहे, ‘‘श्रोतेहो, आसारामभाऊंचा आवाज तुमच्या गुरांसाठी बसलाय, तुम्ही अजून बसलात का?’’ मला ती कोटी आवडली होती. मी ती दोनदा केली.

मधे एक दिवस त्यांना ताप होता आणि आवाहन मी केलं. माझ्या शुद्ध मराठीला अकरा पेंढ्या आल्या. आदल्या दिवशी दोनशे चाळीस होत्या.

नऊ मेला आसारामभाऊ तालुक्याच्या डॉक्टरांना दाखवून थेट स्टुडिओत आले. गाणं चालू होतं. त्यांनी कोपरीच्या खिशातून चिठ्ठी काढून माझ्यासमोर धरली. ‘‘इंग्रजीत हाय. वाचा बरं.’’

यात नवल काही नव्हतं. चाळीस वर्षं या गावाचे इंग्रजी कागद माझ्याकडे येतात. बँकेची नोटीस, विम्याचा फॉर्म, दवाखान्याची फाइल. दारात चप्पल काढून माणूस म्हणतो, बाई, काय लिहिलंय? आणि मी सांगते. मी जे सांगेन ते त्याच्यासाठी लिहिलेलं असतं. तो दुसऱ्या कुणाला विचारत नाही.

शाळेत आमच्या बोर्डिंगला एक आया होती. तिची पत्रं मी वाचून दाखवायची. एकदा तिच्या आईच्या आजारपणाची ओळ मी वगळली, कारण त्या दिवशी ती आनंदात होती. सिस्टर फिलोमिनांनी मला तसंच परत पाठवलं. म्हणाल्या, पत्र ज्याचं त्याचं असतं, आपण फक्त डोळे द्यायचे. मी अकरा वर्षांची होते. पुन्हा वाचून दाखवलं, दोघी रडलो. मला वाटलं, धडा मिळाला.

डॉक्टरांच्या चिठ्ठीत तीन ओळी होत्या. आवाजाच्या पेटीवर गाठ वाटते. शहरातल्या मोठ्या रुग्णालयात घशाच्या तज्ज्ञांना दाखवावं. आणि तिसऱ्या ओळीत एकच शब्द, खाली दोन रेघा मारलेला: तातडीने.

मी वाचलं, ‘‘घशाच्या मोठ्या डॉक्टरला दाखवा म्हणून लिहिलंय.’’

गाठीचं मी बोलले नाही. रेघा मारलेला शब्द बोलले नाही.

त्यांनी मला एकच प्रश्न विचारला. ‘‘कधी?’’

मी खिडकीबाहेर पाहिलं. खाली टेम्पो उभा होता, सुग्रीव पेंढ्या रचत होता. मी म्हटलं, ‘‘मोहीम झाली की जाऊ. मृगापर्यंत. मी स्वतः बरोबर येते.’’ त्यांनी मान हलवली, चिठ्ठी माझ्याचकडे ठेवायला दिली, आणि गाणं संपत आलं म्हणून ग्लासावर टिंग केलं.

मला वाटलं होतं, महिन्याचा प्रश्न आहे. मृग कोरडा गेला. आर्द्रा तशीच. मोहीम संपवता येईना आणि मी संपवली नाही. अकरा जुलैला आम्ही शहरात गेलो. नऊ मे ते अकरा जुलै, त्रेसष्ट दिवस. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, आवाजाची पेटी काढावी लागेल. आसारामभाऊ आणि रतनबाई बाहेर बाकावर बसले असताना मी आत परत गेले आणि विचारलं, दोन महिने आधी आणलं असतं तर? डॉक्टरांनी फाइल पुन्हा उघडली. म्हणाले, सांगता येत नाही. कदाचित नुसत्या किरणांवर भागलं असतं. कदाचित नसतंही. ते ‘कदाचित’ घेऊन मी आज सहा महिने फिरते आहे.

त्यांची रेडिओवरची शेवटची सकाळ तुम्हाला आठवते? आम्ही हार आणला होता. मी म्हटलं, भाऊ, श्रोत्यांना काही सांगा. त्यांनी काय सांगितलं? गहिनीनाथची शेळी हरवली आहे, डाव्या कानावर ठिपका, सापडली तर संस्थेत आणून बांधा. मग बीडच्या गाडीची वेळ बदलल्याचं सांगितलं. आणि टिंग, टिंग. शेळी संध्याकाळी सापडली.

गेल्या सोमवारी मी ही चिठ्ठी घेऊन त्यांच्या वस्तीवर गेले. आसारामभाऊ शेळ्या घेऊन गेले होते. रतनबाई ओट्यावर ज्वारी पाखडत होत्या. मी सगळं सांगितलं. सूप चालूच होतं. त्यांनी विचारलं, ‘‘ह्यांनी इचारलं व्हतं का तुमाला, कधी म्हणून?’’

म्हटलं, हो.

सूप थांबलं.

कोंबडी ओट्यावर चढून ज्वारी खायला लागली तरी त्यांनी हाकलली नाही. मग उठून आत गेल्या. मला वाटलं, आता बाहेर येणार नाहीत. आल्या, चहा घेऊन आल्या. माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाल्या, ‘‘मला सांगायचं व्हतं, बाई. ह्यांचा आवाज लागत व्हता तुमाला, खरं हाय. पर मला तर सांगायचं व्हतं. मी हाताला धरून नेलं असतं.’’

मी म्हटलं, आज संध्याकाळी येऊन भाऊंना सांगते.

‘‘न्हाई. समारंभात सांगा. साऱ्या तालुक्याच्या कानात बसून बोललात तुमी. आता हे कानात कुजबुजायचं न्हाई. नसता आमी शाल घ्यायला येत न्हाई.’’

रतनबाई शब्दाला जागल्या. त्यांनी घरी काही सांगितलेलं नाही. आसारामभाऊ, तुम्ही हे आत्ता, सगळ्यांबरोबर, पहिल्यांदा ऐकत आहात. मी तुमच्याकडे बघायला हवं, मला ठाऊक आहे. मला अजून ते जमलेलं नाही. बघते.

ही ती चिठ्ठी. घडीवर फाटायला आली आहे. ही तुमची आहे, भाऊ, तुमच्यासमोर ठेवते. या वेळी पूर्ण वाचून दाखवली.

मानपत्रातलं ते वाक्य मी खोडलं आहे. त्या जागी काही लिहिलेलं नाही. छापखान्याच्या मोहनरावांनी विचारलं, मॅडम, इथे एवढी जागा मोकळी कशी? म्हटलं, राहू द्या. आणि माझा राजीनामा मी काल सत्यभामाताईंच्या हाती दिला आहे. ‘न्याहारी’ला दुसरं कुणीतरी मिळेल. ज्या जागेवर बसून मी दुसऱ्याचा आवाज वापरला, तिथे बसून रोज सकाळी लोकांना सुप्रभात म्हणायचं, हे मला आता...

काय झालं? सुग्रीव, बसा खाली, बसा. कुणी बोलू नका, प्लीज. रेडिओवर ऐकणाऱ्यांनाही सांगते, आसारामभाऊ पाटीवर लिहीत आहेत. ऑपरेशननंतर ते पाटीवरच बोलतात. चौथीपर्यंत शिकलेत, अक्षर मोठं आहे, पाटीवर फार मावत नाही. थांबावं लागेल. रेडिओवर शांतता चालत नाही म्हणतात. आज चालेल.

पाटी माझ्याकडे दिली आहे. सत्यभामाताई म्हणतात, तुम्हीच वाचा. वाचते. जसं आहे तसं वाचते.

‘मॅडम तुमी लई चुकल्या.’

परत मागतायत. पुसली. गळ्याच्या उपरण्याने पुसली.

लिहितायत अजून. खडू मोडला. सुग्रीवने तुकडा उचलून दिला.

‘थांबायचं का न्हाई ते मला इचारायचं व्हतं.’

हो, भाऊ. हेच. त्रेसष्ट दिवसांत रोज विचारता आलं असतं. विचारलं नाही, कारण तुम्ही काय म्हणाल याची मला खात्री नव्हती. तुम्ही ‘नको, मी जातो’ म्हणाला असतात तर माझा टेम्पो रिकामा गेला असता. तुमच्या त्या शब्दाचीच मला भीती वाटली. आणि आता तुम्ही काय म्हणाला असतात, ते ना मला कळणार, ना तुम्हाला.

परत लिहितायत. माझ्याकडे बघत नाहीत. ज्यांना मागून दिसत नसेल त्यांना सांगते, चिठ्ठी त्यांनी उचलून घेतली आहे. घडी करून कोपरीच्या खिशात ठेवली. जिथून काढली होती, त्याच खिशात.

पाटी आली. वाचते.

‘साडेसहाला कोन बोलनार.’

प्रश्नचिन्ह नाही. खाली अजून आहे, बारीक अक्षरात, कडेला.

‘मी ऐकतो रोज. उद्या बी ऐकनार.’

सत्यभामाताई, तुम्ही काय करताय? अहो, तो अर्ज आहे. असा फाडता येत नाही, बैठकीत ठेवावा लागतो. बरं. फाडलात.

मंडळी, हे टाळ्यांचं कारण नव्हे. कृपा करून टाळ्या वाजवू नका. भाऊंनी मला माफ केलेलं नाही, त्यांनी तसं कुठेही लिहिलेलं नाही, आणि जे लिहिलेलं नाही ते मी वाचणार नाही. त्यांनी मला कामावर पाठवलं आहे. रोज सकाळी एक माणूस ओट्यावर बसून ऐकत असेल, ज्याला माझ्यामुळे उलट बोलता येणार नाही. त्याला ऐकू जाईल असं, खरं, पूर्ण बोलायचं. यापेक्षा कठीण काम मला आयुष्यात कुणी दिलेलं नाही.

रतनबाई, तुम्ही शाल घ्यायला वर याल का? नाही? मग आम्ही खाली येतो. अर्जुनराव, आपण जरा खाली चलाल ना?

त्याआधी आभाराचं काम माझ्याचकडे आहे, ते उरकते. प्रमुख पाहुणे अर्जुनराव, ठरलेलं भाषण बाजूला ठेवून आपण हे सगळं ऐकून घेतलंत, आपले आभार. कार्यालय विनामोबदला देणारे बबनराव, साउंडचे राधाकिशन, आणि शेकडो दारांवरून पेंढ्या उचलून एकाही दाराचं नाव आजतागायत तोंडातून न काढणारे सुग्रीव, आपले आभार. भल्या पहाटे उठून मुरमुऱ्यांचा सुशीला करणाऱ्या संस्थेच्या भगिनींचे आभार. मागच्या बाजूला सुशीला आणि चहा आहे, कुणीही तसंच जाऊ नका. साखराबाई, तुम्ही मागे का उभ्या आहात, खुर्ची आहे, बसा.

अशा समारंभांच्या शेवटी, बोलण्यात काही राहिलं असेल तर सांभाळून घ्या, असं म्हणायची आपली रीत आहे. शेकडो वेळा म्हटलं आहे. तेव्हा मनात कोणतीच चूक नसायची, नुसतं वाक्य असायचं. आजही म्हणते. कुणाचं नाव मागेपुढे झालं असेल, कुणाचा मान राहिला असेल, माझं बोलणं वेळेपेक्षा लांबलं असेल, तर आपण पोटात घाला.

नऊ मेचं मात्र घालू नका. ते माझ्यापाशीच राहू द्या.

नमस्कार.